कॅलेंडरने सोडलेला खिळा

घरात कॉम्प्युटर नवा होता, तेव्हाची गोष्ट. सिंधूमावशींनी त्याचा पासवर्ड भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिला, सिलिंडरच्या तारखेशेजारी. कॅलेंडरला केवढा मान वाटला!

पुढे मावशी कॉम्प्युटरवरून भरतकाम शिकवू लागल्या. एकदा शिकवणी चालू असताना कॉम्प्युटर कळवळून म्हणाला, “कॅलेंडरदादा, मावशींच्या मागे तू कॅमेऱ्यात दिसतोस. तुझ्यावरचा शब्द अनोळखी माणसंही वाचतात. कुणी माझ्यात शिरलं, तर मावशींच्या लेकीचे सगळे फोटो जातील.”

“पण मावशींनी विश्वासाने दिलाय तो मला.”

“म्हणून तर!”

कॅलेंडर खिळा सोडून धपकन पालथं पडलं.

मावशी वळल्या. पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं, तर मागची भिंत त्यात स्पष्ट दिसत होती. त्यांनी जीभ चावली, शब्द खोडला आणि पासवर्ड बदलला.

कॅलेंडर पुन्हा खिळ्यावर आहे. नवा शब्द कोणता, हे त्याने आजवर विचारलेलं नाही.