खापरीवरचं दावं

एक होता राजा. मुकुट नव्हता हं त्याला. दोन लांब कान होते, आणि शेपटीच्या टोकाला केसांचा गोंडा. दिनू, हसतोस काय? गाढवच होतं ते. भिका कुंभाराचं गाढव, नाव राजा. पाठीवर मातीच्या गोण्या घेऊन तळ्यावरून यायचा, पण जन्मात कधी कुणाला लाथ मारली नाही त्याने. तुम्ही दोघं अंथरुणात कशा लाथा झाडता ते मला ठाऊक आहे. पाय आत घे आधी, मग ऐक.

तर भिका कुंभाराची बायको गिरजा, आणि त्यांची एकुलती एक पोर, आवडी. आवडी रांगायला लागली ती राजाच्या चार पायांमधून. उभी राहिली ती त्याची शेपटी धरून. भाकरीचा पहिला तुकडा राजाला दिल्याशिवाय घास घशाखाली उतरायचा नाही तिच्या.

गिरजाच्या हाताला एक कला होती. भट्टीत मडकी भाजली की चार-दोन फुटायचीच. त्यांच्या खापऱ्या गिरजा फेकायची नाही. तळहाताएवढी खापरी घ्यायची, धुवायची, पुसायची आणि तिच्यावर चित्र काढायची. शिंदीची काडी चावून चावून तिचा कुंचला करायचा. गेरूचा तांबडा, चुन्याचा पांढरा, दिव्याच्या काजळीचा काळा, हळदीचा पिवळा. आणि परटिणीने चिमूटभर नीळ दिली तर निळा. रंगात बाभळीचा डिंक, म्हणजे रंग जन्मभर हलत नाही. कुणाची व्यालेली शेळी, कुणाचा बैल, कुणाचा तुरेवाला कोंबडा. ज्याचं जनावर, त्याच्या गोठ्यातल्या कोनाड्यात ती खापरी जाऊन बसायची.

आता नवल ऐका. तांबडं फुटलं की चित्रातली जनावरं खापरीवरून टुणकन खाली उतरायची. एवढी एवढीशी, चिंचोक्याएवढी! गोठ्यात एक फेरी मारायची, आणि ऊन यायच्या आत परत चित्रात. कोंबडा तेवढा रोज उशीर करायचा. आणि खापरीवर जसं, तसंच गोठ्यात, बरं का. चित्रातला बैल धष्टपुष्ट, तर दावणीचा बैलही धष्टपुष्ट.

म्हणून गिरजाने लेकीच्या हातात काडी दिली, तेव्हा आधी सांगून ठेवलं होतं. आधी पाणी काढायचं, मग जनावर. आणि दावं कधी म्हणजे कधी काढायचं नाही.

"का गं आये?" आवडीने विचारलं होतं.

"चित्रातलं जनावर मनानं येतं नि मनानं ऱ्हातं," गिरजा म्हणाली. "त्येला बांदू न्हाई."

मग काय झालं, राजा झाला म्हातारा. गुडघे करकर वाजायला लागले. एक डोळा दुधासारखा पांढरा झाला. एकदा संध्याकाळी आवडी मडक्यांच्या उतरंडीमागे खेळत होती. तिथून तिने बापाचं बोलणं ऐकलं.

"म्हातारं झालं गं जनावर," भिका म्हणत होता. "औंदाची भट्टी बघंल का न्हाई, कुनास ठावं. चाललं आता ते."

आवडीला वाटलं, चाललं? कुठे चाललं? आणि मला न विचारता?

मग ती उठली. खापरी घेतली, रंग घेतले, आणि परसात जाऊन बसली. पाण्याचं तिच्या ध्यानातच राहिलं नाही. तिने आधी काढला खुंटा. चांगला जाड, गेरूचा तांबडा. मग काढला राजा, कान-शेपटीसकट, अगदी हुबेहूब. आणि मग राजाच्या गळ्यात दावं काढलं. गळ्यापासून खुंट्यापर्यंत पांढरी स्वच्छ रेघ. वर दुप्पट डिंक. "आता जा बघू कसा जातोस," ती म्हणाली, आणि खापरी कोंड्याच्या मडक्यात लपवून ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिकाने हाक मारली, "चल राजा, मातीला." राजा चार पावलं आला आणि गचकन थांबला. जणू कुणी मागून ओढलं. पुन्हा निघाला, पुन्हा गचका. मग तो नुसता गोल गोल फिरायला लागला. गोलाच्या आतलं गवत तुडवलं गेलं, बाहेरची हरळी तशीच डुलत राहिली.

भिकाने कोवळा चारा पुढे धरला, आमिष दाखवून बघितलं. राजा मान ताणायचा, पण पाऊल पुढे पडायचं नाही. मग वैदू आला. त्याने पाय चेपले, काढा पाजला. काढ्याचा उपयोग झाला नाही. मग गिरजाने पाण्याचं घमेलं त्याच्या तोंडापाशी आणून ठेवलं. राजाने तोंड लावलं मात्र, घमेल्यातलं पाणी आटलं! दुसरं भरून आणलं, तेही आटलं. राजा कोरडं घमेलं चाटत राहिला. चर्र चर्र आवाज व्हायचा त्याच्या जिभेचा.

शालू, रडू नकोस. अजून गोष्ट संपली नाही.

गिरजाने राजाच्या मानेवरून हात फिरवला. गळ्याभोवती केस दबलेले होते, दाव्याने दबतात तसे. आणि गळ्यात दावं तर नव्हतंच. गिरजाने लेकीकडे बघितलं. ओरडली नाही. नुसती म्हणाली, "आन ती खापरी."

आवडीने मडक्यातून खापरी काढून आणली. कोंडा झटकला. आणि आईच्या कुशीत तोंड खुपसून रडली, "मला वाटलं, बांदला म्हंजे ऱ्हाईल."

मग ती दावं पुसायला बसली. ओल्या फडक्याने पुसलं, डिंक जागचा हलला नाही. राखेने घासलं, तरी नाही. मग विटेच्या तुकड्याने खरवडलं, तर अंगणातून राजा कळवळून ओरडला. त्याच्या गळ्यावर ओरखडा उठला होता! आवडीने वीट टाकून दिली.

"फोडून टाकू का खापरी?"

"फोडशील तर त्यो बी फुटंल."

"मग काय करू गं?"

गिरजाने तिच्या हातात काडी दिली. "रेघ एकदा वढली की मागं घेता येत न्हाई, आवडे. फुडं न्हेता येती. पर इचार करून न्हे. सुटला तर त्यो जाईल बी."

आवडी खापरी मांडीवर घेऊन बसली. तिला राजा सोडायचा नव्हता. मुळीच नव्हता. तो गेला तर पहिला तुकडा कुणाला द्यायचा? तिकडे राजाची जीभ घमेल्यावर फिरत होती. चर्र, चर्र. शेवटी तिला तो आवाज सहन होईना. तिने डोळे पुसले आणि निळीची पुडी सोडली.

आधी खुंटा घेतला. खुंट्याला फांद्या काढल्या, पानं काढली, बुंध्याला लागून तांबडी तांबडी उंबरं काढली. खुंट्याचा झाला उंबर! आणि उंबराखाली पाणी असतंच, हे तर तुम्हालाही माहीत आहे. मग तिने दाव्याच्या पांढऱ्या रेघेला दोन्ही अंगांनी निळा हात दिला. रेघ रुंद झाली, वळली, खळाळली. उंबराच्या मुळाशी उगम, आणि राजाच्या तोंडापाशी येऊन थांबणारा छानसा ओढा! आता राहिला गळ्यातला फास. त्याला तिने काजळीचं अंग दिलं, पंख दिले, हळदीची चोच दिली. फासाची झाली साळुंकी, राजाच्या मानेवर ऐटीत बसलेली.

चोचीचा शेवटचा ठिपका पडला, आणि अंगणात खरीखुरी साळुंकी येऊन राजाच्या मानेवर बसली. राजाने कान हलवले. एक पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. गोल ओलांडला. आणि सरळ कुंडीपाशी जाऊन पाणी प्यायला. प्यायला, प्यायला, पोट टम्म होईस्तोवर प्यायला. मग मान वर करून असा काही ओरडला की घरातली मडकी थरथरली. भिका म्हणाला, "देवा, ह्येचा गळा काय म्हातारा झाला न्हाई!"

मग राजा राहिला बरेच दिवस. कुणी बांधलं नाही, तरी राहिला. आवडीच्या मागे तळ्यावर जायचा, रिकाम्या पाठीने, पाहुण्यासारखा. त्याने औंदाची भट्टी बघितली. तिची राख निवेपर्यंत ऊब घेत शेजारी बसून राहिला. आणि मग एका सकाळी उठलाच नाही. आवडीची भाकरी तशीच राहिली त्याच्यापुढे. भिकाने त्याला गावच्या ओढ्याकाठी, खऱ्याखुऱ्या उंबराखाली पुरलं.

आवडीने खापरी बघितली. उंबर होता, ओढा होता, साळुंकीही होती, एका फांदीवर जाऊन बसलेली. राजा नव्हता. राजाच्या जागी नुसती कोरी खापरी. आवडी खूप रडली. रडावंच लागतं अशा वेळी.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटलं. आवडी आपली पहिला तुकडा मोडून हातात धरून बसलेली, सवयीने. आणि खापरीवरच्या उंबरामागून दोन लांब कान दिसले. मग गोंड्याची शेपटी. चिंचोक्याएवढा राजा सावकाश ओढ्यावर आला, पाणी प्यायला, आवडीच्या तळहातावर उतरला आणि भाकरीचा एक कण तोंडात घेऊन परत गेला. त्याला कुणी हाक मारली नव्हती. कुणी बांधून ठेवलं नव्हतं. तो आपल्या मनाने आला होता.

मग तो रोज आला. आवडी मोठी झाली, तिने गावभरची जनावरं खापऱ्यांवर काढली, आणि प्रत्येक वेळी आधी पाणी काढलं. तिचे पाहुणे सुखी, तिची जनावरं सुखी, पिणाऱ्याला पाणी, येणाऱ्याला वाट.

ती खापरी? ती काय, आपल्याच चुलीमागच्या कोनाड्यात आहे. म्हणून मी रोज पहाटे तिथे भाकरीचा कण ठेवते. तुम्हाला बघायचं असेल तर ऊन यायच्या आत उठावं लागेल. नाही उठणार तुम्ही, सूर्यवंशी कुठले!

चला, मिटा डोळे. तुमचंही दावं सोडलंय मी. झोपेत हवं तिकडे फिरून या, पाणी पिऊन या. आणि सकाळी आपल्या मनाने माझ्याकडे परत या.