लांडग्याचं कौतुक

मुलांनो, जंगल संपून जिथे माळ सुरू होतो तिथे, ओढ्याच्या काठी काही जनावरं एकमेकांच्या आधाराने राहत असत. एक शेळी आणि तिचं करडू, एक म्हैस, एक कोंबडी, आणि हिवराच्या झाडावर एक कावळा. त्यांची राखण करायला एक कुत्री होती. कुत्री कसली, चांगली वासराएवढी! तिच्या धाकाने पलीकडच्या टेकडीवरचा लांडगा ओढ्याच्या अलीकडे पाऊल टाकत नसे.

पण एके दिवशी त्या कुत्रीला साप चावला. तिचं एकुलतं एक पिल्लू तिच्या पोटाशी चाचपडत होतं, त्याचे डोळेही अजून धड उघडले नव्हते. तिने शेळीला जवळ बोलावलं.

"ताई, याला तुझ्या दुधावर वाढव," ती म्हणाली. "आणि एक ध्यानात ठेव. आमची जात मोठी, पण आमची हाडं पक्की व्हायला वेळ लागतो. याला घाईने वाढवू नकोस. रोज याच्या कुशीला नाक घासून बघत जा. बरगड्या डोळ्यांना दिसू नयेत, पण नाकाला लागाव्यात. एवढं तू सांभाळ, पुढे तो तुम्हाला सांभाळेल."

शेळीने मान हलवली. पिल्लाला तिने आपल्या करडाशेजारी ओढून घेतलं आणि त्या दिवसापासून तिला दोन लेकरं झाली.

पिल्लू मोठं गमतीचं होतं. अंग एवढंसं, आणि पंजे मात्र कुणा थोरल्याचे उसने आणल्यासारखे! चालताना स्वतःच्याच पंजात अडकून पडे आणि करडू खो खो हसे. शेळी त्याला दूध पाजी. दात आल्यावर कावळा ओढ्यातल्या मासोळ्या आणून देऊ लागला. शेळी रोज त्याच्या कुशीला नाक घासे. बरगड्या लागल्या की निश्चिंत होऊन रवंथ करत बसे.

पण शेजारपाजार गप्प बसतो होय? तुमच्या घरीही येत असतील ना अशा एखाद्या मावशी, गालाला हात लावून "अगं बाई, किती वाळलंय गं पोर!" म्हणणाऱ्या? इथे म्हैस होती.

"शेळीताई, आईविना पोर ते," म्हैस म्हणाली. "त्याला पोटभर घालायला तुझं काय जातं? तुझं पाणीदार दूध त्याला कसं पुरणार? माझ्या दुधावरची साय घाल. माझं रेडकू त्यावरच धष्टपुष्ट झालं."

कोंबडी लगेच पुढे सरसावली. "आणि माझ्या अंड्यांची टरफलं घाल कुटून. मी स्वतः खाते ना! हाडं कशी दगडासारखी होतील."

शेळी म्हणाली, "अहो, पण त्याच्या आईने सांगितलंय, घाई करू नकोस म्हणून."

"सांगितलंय खरं," वरून कावळा म्हणाला, "पण लांडगा रोज टेकडीवर येऊन बसतो, ते मला इथून दिसतं. तो थांबणार आहे का, या पोराची हाडं पक्की होईपर्यंत?"

हे ऐकून मात्र शेळीच्या काळजात चर्र झालं. कुत्री राखणीला यायच्या आधी तिचं पहिलं करडू त्याच लांडग्याने नेलं होतं. आता हे दुसरं. राखणदार लवकर मोठा झाला तरच ते वाचणार, असं तिलाही वाटू लागलं. तिने साय घातली, टरफलं घातली, कावळ्याने दुप्पट मासोळ्या आणल्या त्याही घातल्या. पिल्लाला काय, त्याची चंगळच झाली!

आणि वाढलं की हो ते! काल म्हशीच्या गुडघ्याएवढं होतं, ते बघता बघता तिच्या पोटाला लागलं. गळ्याला वळ्या पडल्या, पोट लोंबू लागलं. सगळे आपलीच पाठ थोपटून घेऊ लागले. एक दिवस खुद्द लांडगा ओढ्याच्या पलीकडच्या काठावर आला आणि मान वाकडी करून बघत राहिला.

"वा, वा! काय पोसलंय पोर!" तो म्हणाला. "असंच घाला हो. हात आखडू नका."

"बघा! लांडग्यालाही मानावं लागलं!" कावळा म्हणाला, आणि त्या दिवशी पिल्लाला आणखी साय मिळाली.

कावळ्याला शहाणा कुणी म्हटलं, कोण जाणे.

मग एकदा भर दुपारी लांडगा ओढा ओलांडून सरळ अलीकडे आला. पळत नव्हे हं, रमतगमत. करडू घाबरून मोठ्या खडकावर चढलं. पिल्लू भुंकत उठायला गेलं, पण त्याचे पुढचे पाय बाहेरच्या बाजूला फाकले, मागचे थरथरले, आणि ते केविलवाणं ओरडून खालीच बसलं. पुन्हा उठलं, पुन्हा बसलं. म्हशीने धावत येऊन शिंगं रोखली, तेव्हा कुठे लांडगा मागे फिरला.

"येतो," जाता जाता तो शेळीला म्हणाला. "पोराची आबाळ करू नका. साय चालू ठेवा."

त्या संध्याकाळी शेळीला रवंथ करवेना. ती एकच विचार करत होती. हा माझ्या करडावर टपून बसलेला, आणि हाच म्हणतो पोराला खाऊ घाला! लांडगा कधीपासून आपलं भलं चिंतायला लागला? ती उठली आणि पिल्लाच्या कुशीला नाक घासू लागली. किती दिवसांत तिने हे केलंच नव्हतं. नाक मऊ मऊ चरबीत रुतलं. एकही बरगडी लागली नाही. शेळीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

सकाळी म्हैस साय घेऊन आली, तर शेळी आडवी उभी राहिली.

"आजपासून साय बंद," ती म्हणाली. "टरफलंही बंद. कावळेदादा, मासोळ्या निम्म्याच आणा. सकाळी, दुपारी, संध्याकाळी, मी देईन तेवढंच तो खाईल. मधे कुणी काही भरवायचं नाही. आणि करडा, त्याला खडकावरून उड्या मारायला लावू नकोस. ओढ्याकाठाने दोघं हळूहळू चालत जा."

पिल्लू रडू लागलं. "आई, भूक लागली. आई, दे ना गं!"

त्याचं रडणं ऐकून कोंबडीचा जीव कळवळला, आणि ती फटकन बोलून गेली, "शेवटी सावत्र ती सावत्रच! पोटच्या करडाला ठेवलं असतंस का असं अर्धपोटी?"

शेळीला ते फार लागलं. मग ती म्हणाली, "माझं करडू वाढून वाढून माझ्याएवढं होणार. याला वासराएवढं व्हायचंय. याची हाडं अजून ओली आहेत, त्यांवर आतापासून एवढं ओझं कसं चढवू? तुला टरफल लागतं, कारण तुला अंडं घालायचं असतं. ते याच्या अंगी लागत नाही, उलट सोसत नाही. मला सावत्र म्हणायचं तर खुशाल म्हणा."

म्हणाले हो, सगळे म्हणाले. पिल्लूसुद्धा एकदा रागाने तिच्याकडे पाठ करून निजलं. ते घोरू लागल्यावर शेळी हळूच जवळ गेली आणि त्याच्या कुशीला नाक घासून आली.

हळूहळू पोट आत गेलं. गळ्याच्या वळ्या सरल्या. वाढ काही थांबली नाही, फक्त तिची घाई थांबली. पाय पुष्कळसे सरळ झाले. उजवा पुढचा पंजा तेवढा जरा बाहेर वळलेला राहिला, तो कायमचाच. शेळीची नजर त्या पंजावर गेली की तिला अजूनही वाईट वाटे.

लांडगा पुन्हा एकदा पलीकडच्या काठावर आला. "अरेरे! किती हडकलाय!" तो हळहळला. "सख्खी आई असती तर अशी वेळ आली नसती हो."

कोंबडीने कसनुसं तोंड करून शेळीकडे पाहिलं. शेळी मात्र कित्येक दिवसांनी हसली.

"त्याला वाईट वाटतंय ना?" ती म्हणाली. "मग आपलं बरं चाललंय."

बोरं पिकली. ओढ्याकाठच्या बोरीखाली सडाच पडला होता, आणि करडू खाता खाता पार पाण्यापर्यंत गेलं. पलीकडच्या झुडपातून लांडग्याने झेप घेतली. शेळीने किंकाळी फोडली. लांडग्याला वाटलं, कुत्रं उठेल, पाय फाकतील आणि पुन्हा खाली बसेल. पण कुत्रं उठलं ते थेट धावतच! एका झेपेत ओढ्यात, दुसऱ्या झेपेत लांडग्याच्या मानगुटीवर. लांडगा कसाबसा सुटला आणि अर्धा कान तिथेच टाकून टेकडीपलीकडे पळाला. तो पुन्हा त्या माळावर कुणाला दिसला नाही.

करडू थरथरत येऊन शेळीला बिलगलं. कोंबडी खाली मान घालून आली. "ताई, माझ्या जिभेला हाड नाही बघ," ती म्हणाली. "नाही नाही ते बोलले तुला."

"मायेपोटीच बोललीस," शेळी म्हणाली. "मीही मायेपोटीच तर चुकले होते."

म्हैस तर आनंदाने नाचायचीच बाकी होती. "आज तरी घालू दे गं साय! एवढा पराक्रम केलाय पोराने!"

कुत्र्याने जिभल्या चाटल्या. आता तो शेळीपेक्षा उंच झाला होता, तरी तिच्यासमोर मान खाली घालून उभा राहिला. "आई, भूक लागली," तो म्हणाला.

शेळीने त्याच्या कुशीला नाक घासलं. बरगड्या लागल्या.

"ऊन उतरलं की जेवण," ती म्हणाली.

"बरं, उतरू दे," कुत्रा म्हणाला, आणि तिच्याकडे तोंड करून, तिच्या पायांशी निजला.

तात्पर्य : माया करावी, पण ती मापाने वाढावी, आणि लांडग्याने वाहवा केली, तर आपलं कुठे चुकतंय ते आधी बघावं.