ताणाचा चोविसावा दिवस

“पाणी सोडू का नको? मले फक्त एवढंच सांगा, बाई.”

गुणवंतराव बोंडे उभ्याउभ्याच विचारत होते. खाली बसले असते तर विद्यार्थी ठरले असते, आणि त्यांच्याकडे तर शेतकीची पदवी होती.

अनसूयाबाई लसूण सोलत राहिल्या. पस्तीस वर्षं त्यांनी तालुक्याच्या दवाखान्यात वॉर्ड सांभाळला होता. निवृत्तीनंतर दर रविवारी त्यांच्या ओसरीवर नर्स यायच्या, अवघड प्रसंगी कसं ठरवायचं ते शिकायला. मग बागाईतदारही येऊ लागले. बाई म्हणायच्या, दोघांचं दुखणं एकच. जीव दुसऱ्याचा, आणि ठरवायचं आपण.

गुणवंतरावांची अकराशे संत्र्याची झाडं ताणावर होती. बहार धरायचा तर झाडांचं पाणी तोडावं लागतं. तहानेनं झाड घाबरतं आणि मग फुलतं. लवकर पाणी दिलं तर फूल नाही, उशीर केला तर झाड नाही. मे महिना, चोविसावा दिवस. तीन तज्ज्ञांनी तीन तारखा दिल्या होत्या. अडला हरी गाढवाचे पाय धरी, असं मनाशी म्हणत ते आले होते. यातलं गाढव कोण, हे अजून ठरायचं होतं.

“हातात काय हाय?” बाईंनी विचारलं.

“वही. रोजचं ऊन, पानगळ, मातीची ओल. गडी फोनवर सांगतो, मी लिहितो. एक दिवस खाडा नाही.”

बाईंनी वही घेतली. उघडली नाही. मांडीखाली ठेवून दिली.

“शालू, तू सांग.”

शालू खंडारे सगळ्यांत नवी नर्स. 

“काल एका म्हातारीचं ऑपरेशन झालं. संध्याकाळपर्यंत पाण्याचा थेंब द्यायचा नव्हता. ती सारखी पाणी मागे, बाई. मले पाहवेना. मी व्हरांड्यात जाऊन बसली... उद्या पुन्हा तशीच पेशंट हाय. मले हे जमणार नाही. नोकरी सोडते म्हणते मी.”

“गुणवंतराव,” बाई म्हणाल्या, “हिला उत्तर द्या.”

“मी?”

“शिकलेले आहात ना तुमी?”

गुणवंतरावांना उत्तराची कधी वाण नसे.

“त्यात काय! द्यायचं नाही म्हणजे नाही. पण उठून काऊन जायचं, पोरी? आमच्या आईच्या ऑपरेशनच्या वेळी एक सिस्टर होती. तिनं पाणी दिलं नाही, पण खाटेजवळून हलली नाही. ओला कापूस ओठाले लावे, डोळे पाहे, नाडी पाहे. आई तहानलेलीच होती, पण निवांत झाली. जे पाहवत नाही, तेच तर पाहत बसा लागते...”

ते थांबले.

 बाईंनी पुढची पाकळी सोलायला घेतली.

“काका,” शालूनं हळूच विचारलं, “तुमी झाडं कधी पाहली शेवटची?”

“नऊ दिवस झाले,” गुणवंतराव म्हणाले. “दुपारी पानं वळलेली दिसतात. बारा वर्षं वाढवली म्या ती. पाहवत नाही.”

आणि पंधरा एकरांचा हा मालक मटकन पायरीवर बसला.

बाईंनी वही काढली, तिला सुतळी बांधली आणि परत दिली.

“हे काय?”

“आमच्या वॉर्डात पेशंटचा कागद खाटेले टांगलेला राहे. टेबलावर नाही.”

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आत गुणवंतराव बागेत होते. वही पहिल्या झाडाला टांगली आणि घाबरतच पान हातात घेतलं. दुपारी वळलेलं पान रात्रीतून उलगडलं होतं, म्हणजे झाडात अजून जीव होता. गड्यानं फोनवर खोटं काही सांगितलं नव्हतं, पण तो दुपारचंच सांगायचा. पहाटेचं कोणी विचारलंच नव्हतं. गुणवंतरावांना रडू आलं, आणि त्यांनी ते येऊ दिलं.

पुढच्या रविवारी ते आले ते थेट सतरंजीवरच बसले. वही नव्हती. चेहरा मात्र जत्रेत हरवलेलं पोर सापडल्यासारखा झाला होता.

“रोज पहाटे गेलो, बाई. गुरुवारी मुरमाड जमिनीतल्या चार ओळी पहाटेही वळलेल्याच होत्या. त्यांना लगेच पाणी सोडलं. बाकीच्या अजून दम धरून हायेत, म्हणून थांबलो. ना वही पाहली, ना तज्ज्ञाले विचारलं.”

शालू शेजारीच होती. सोमवारी ती दिवसभर नव्या पेशंटच्या खाटेजवळ बसली होती. तिच्या पिशवीत कापसाचा बोळा होता, आणि नोकरी सोडायचं तिनं पुन्हा नावही काढलं नव्हतं.

गुणवंतरावांनी हात जोडले.

“आता तुमीच सांगा. मी बरोबर केलं का?”

अनसूयाबाईंनी लसणाची परडी त्यांच्यापुढे सरकवली.

“मले काऊन विचारता, गुणवंतराव? मी थोडीच होती तिथं?”