लिंबाजी, पाखरं आणि पाहुणे

पाखरांना पाव घातला तर काय होतं, ठाऊक आहे का तुम्हाला? लिंबाजीला ठाऊक होतं. तीच तर पंचाईत झाली.

तळ्याकाठच्या एका गावात हा भोळा लिंबाजी आपल्या आत्याकडे राहायचा. सांगाल ते करायचा, फक्त नको तिथे करायचा. याला मुलगी कोण देणार, हा एकच घोर आत्याला लागला होता.

एकदा तळ्यावरच्या रानपाखरांचे फोटो काढायला शहरातून कुंदाताई आल्या. सामान उचलायला त्यांनी लिंबाजीला ठेवलं. पहिल्याच सकाळी त्याने बदकांपुढे अख्खा पाव कुस्करून टाकला. बदकं एकमेकांच्या उरावर बसली. ताईंनी कॅमेरा खाली ठेवून त्याला नीट समजावलं. पावाने त्यांचं पोट नुसतं फुगतं, अंगी काही लागत नाही, पिल्लांचे पंख वाकडे होतात, आणि उरलेला पाव कुजून तळं नासतं. पुन्हा पाव दिसला तर आधी काढून घे, असं त्यांनी बजावलं.

"बरं," लिंबाजी म्हणाला.

दुपारी घरी पाहुणे आले होते. पलीकडच्या गावचे बापूराव, लेकीसाठी मुलगा बघायला. आत्याने चहा-पाव पुढे ठेवला. बापूरावांनी पाव चहात बुडवला, तोंडाशी नेला, आणि लिंबाजीने तो हातातून काढून घेतला.

"पोट फुगेल," तो म्हणाला. मग त्याने बापूरावांचे दोन्ही हात वर करून काखेपासून बोटांपर्यंत तपासले. "अजून सरळ आहेत."

पाहुणे गेल्यावर आत्या बरसली. "मेल्या, आलेल्याला सामोरं जावं. या, बसा म्हणावं. पाय धुवायला पाणी द्यावं."

"बरं."

दुसऱ्या दिवशी तळ्यावर करकोचे उतरले. ताईंनी श्वास रोखला. तेवढ्यात लिंबाजी तांब्या घेऊन गुडघाभर पाण्यात शिरला आणि पाण्यात उभ्या असलेल्या करकोच्यांना पाय धुवायला पाणी देऊ लागला. सगळे उडाले. ताईंनी कपाळाला हात लावला. अशा वेळी अंगावर गवत घेऊन पडून राहायचं, कुणी कितीही जवळ आलं तरी हलायचं नाही, बोलायचं नाही, असं त्यांनी सांगितलं.

"बरं."

बापूराव दिलदार माणूस. झालं गेलं विसरून त्यांनी लिंबाजीला मुलगी बघायला बोलावलं. मुलगी शेवंता पोहे घेऊन बाहेर आली, तर नवरामुलगाच नाही. सगळे शोधू लागले. अंगणात गाय गवत खात होती. खाता खाता गवतातून आधी एक कान निघाला, मग नाक. गायीने ते नाक चाटलं, तरी लिंबाजी हलला नाही. बापूरावांनी हाक मारली, तरी बोलला नाही. शेवंता ताट खाली ठेवून पोट धरून हसली.

"बाबा, यांच्या घरात कधी उदास वाटायचं नाही," ती म्हणाली. लग्न ठरलं.

घरी परतताना वाटेत आत्याने समजावलं, की कुणी पसंत पडलं तर गप्प बसू नये. आमच्या घरी चल म्हणावं, कुंकू लावून मानाने घेऊन यावं.

दुसऱ्या दिवशी बदकाचं एक पिल्लू लिंबाजीला फार पसंत पडलं. ताईंनी पाहिलं, तेव्हा ते कुंकू लावून त्याच्या टोपीत बसलं होतं.

"सोड आधी," ताई म्हणाल्या. "पाखरू आवडलं तर लांबून फोटो काढायचा. फोटो झाला की ते जिथलं आहे तिथेच ठेवायचं आणि आपण गुपचूप घरी जायचं."

"कितीही आवडलं तरी?"

"कितीही आवडलं तरी."

"बरं."

शेवंताच्या दारी लग्न लागलं. अक्षता पडल्या, जेवणं झाली, लिंबाजीचं कुठे काही चुकलं नाही. आत्याने देवाला हात जोडले. कुंदाताईंनी नवरा-नवरीचा फोटो काढला. लिंबाजीने शेवंताकडे डोळे भरून पाहिलं. फार आवडली होती ती त्याला. मग तो उठला, चपला घातल्या आणि गुपचूप चालू लागला.

इकडे शेवंता आईच्या गळ्यात पडून रडली, डोळे पुसून वळली, तर नवरा नाही. आत्या धापा टाकत घरी आली. लिंबाजी ओट्यावर बसला होता.

"अरे, बायको कुठंय तुझी?"

"ती तिथली आहे ना, आत्या. तिथेच ठेवली." त्याचे डोळे पाणावले होते. "फोटो झाला."

दुसऱ्या दिवशी सकाळी शेवंता भावाच्या मोटारसायकलवर बसून आपली आपण सासरी आली.