शेवटून दुसरा

ही गोष्ट अगदी खरी आहे, माझ्या गळ्याची शपथ. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. म्हणजे डोळे माझे नव्हते, ज्याने मला सांगितली त्याचे होते. पण तेवढा फरक चालतो.

एका गावात एक शिंपी होता नि त्याला पळण्याचं वेड होतं. वेड होतं म्हटलं, पळता येत होतं असं म्हटलं नाही. दिवसभर मांडी घालून बसणारा माणूस. पोट सुटलेलं, गुडघे कुरकुरणारे. तरी गाव उठायच्या आत तो नदीपर्यंत पळून यायचा. बायको म्हणायची, "एवढे पळताच आहात, तर येताना घागरभर पाणी तरी आणा." तो हसून सोडून द्यायचा. पळताना आपण हलके होतो असं त्याला वाटायचं. पण हे कुणाला सांगायला जावं, तर लोक आधी त्याच्या पोटाकडे बघायचे.

हे कळणारा गावात एकच माणूस होता, शेजारचा कासार. दिवसभर बायकांच्या हातात बांगड्या भरायचा आणि पळण्यात शिंप्याइतकाच बेताचा.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी गावाची शर्यत असे. वेशीपासून निघायचं, टेकडीला वळसा घालून परत वेशीत यायचं. पहिल्याला फेटा, बाकीच्यांना गुळाचा खडा. पहिला कोण येतो याच्याशी या दोघांना काही देणंघेणं नव्हतं. त्यांची शर्यत सगळ्यांच्या मागे चालायची. शेवटचा कोण आणि शेवटून दुसरा कोण, एवढंच ठरायचं. मग त्यावरून वर्षभर टोमणे.

दर वर्षी शेवटचा यायचा तो शिंपीच. कारण टेकडीमागे, जिथे बघायला कुणी नसे, तिथे कासार मागून हाक मारायचा, "शिंप्या, थांब रे, पाय मुरगळला." शिंपी थांबायचा, परत फिरायचा, पाय बघायला वाकायचा, तोवर कासार बाजूने सटकलेला असायचा. पुढच्या वर्षी कासाराच्या डोळ्यात कचरा, त्याच्या पुढच्या वर्षी मधमाशी. शिंपी दर वेळी वळायचा.

"तुला कळत कसं नाही रे?" कासार गूळ चघळत विचारायचा.

"कळतं की. पण खरंच काही झालं असलं तर?"

यावर लोक हसायचे. एका वर्षी लोकांसोबत शिंप्याची बायकोही हसली. ते मात्र त्याला लागलं.

पुढचं वर्षभर तो जिवाच्या कराराने पळाला. शर्यतीच्या सकाळी कासाराला म्हणाला, "आज हाका मारून घसा कोरडा करू नकोस. मी वळणार नाही."

"बघू की," कासार म्हणाला.

टेकडीमागे शिंपी पुढे होता. मागून हाक आली, "शिंप्या, थांब. छातीत कळ येतेय."

"हे नवीन शोधलंस," शिंपी न वळता ओरडला. त्याला हसूही आलं.

"अरे, खरंच."

"तुझं दर वर्षी खरंच असतं."

मग नुसतंच "शिंप्या" असं ऐकू आलं, बारीक आवाजात. शिंप्याचे पाय अडखळले. मान अर्धी वळलीही. पण वर्षभर केलेली मेहनत आठवली, बायकोचं ते हसणं आठवलं, आणि त्याने मान पुन्हा पुढे केली.

वेशीत टाळ्या पडल्या. "आज शेवटून दुसरे की हो, शिंपीदादा." बायको कौतुकाने बघत होती. शिंपी कमरेवर हात ठेवून वळला. कासाराला काय बोलायचं ते त्याने वाटेतच ठरवलं होतं.

रस्ता रिकामा होता.

त्याने गुळाचे दोन खडे घेतले, एक स्वतःचा, एक कासाराचा, आणि उभा राहिला. धूळ खाली बसली. लोक पांगायला लागले. खडे हातातून कधी पडले ते त्याला कळलं नाही. तो आला त्याच वाटेने पळत सुटला होता. त्या वेळी फेटा जिंकणाऱ्यालाही तो सापडला नसता. पण तिकडे बघत कोण होतं?

कासार वाटेच्या कडेला बोरीला टेकून बसला होता. त्याने डोळे किलकिले केले. म्हणाला, "जिंकलास की लेका, एकदाचा." आणि मान टाकली.

पुढच्या वर्षी शिंपी पुन्हा शर्यतीत उतरला. टेकडीमागे पोचल्यावर थांबला, वळून उभा राहिला. बाकीचे केव्हाच पुढे निघून गेले होते. मागे कुणीच नव्हतं. वेशीत त्याची वाट बघून बघून लोक घरी गेले.

तात्पर्य: हाक खोटी वाटली तरी वळून बघावं. खोटी निघाली तर फार तर एक शर्यत जाते.

आता कबूल करतो. बोरीखाली कासार जे बोलला, ते मी पदरचं घातलंय. शिंपी पोचला तेव्हा तिथे बोलणारं कुणी उरलं नव्हतं. पण ही गोष्ट मी पहिल्यांदा चारचौघांत सांगितली, तेव्हा शिंपी समोरच बसला होता.