यादीत नसलेली आठवी

शुद्धलेखन चुकेल, शब्दही साधेच आहेत; सांभाळून घ्या.

आठवीत शाळा सुटलेला सोपान करमाळ्यात झेरॉक्सच्या दुकानात लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचा. समोरच्या संगणक वर्गाकडे बघत त्याने तीन वर्षं झुरून काढली. शेवटी धीर करून तो प्रवेश मागायला वर्गाचे संचालक कारखानीस सरांसमोर उभा राहिला.

“आठवी?” सर हसले. “अरे, आमच्या फॉर्मच्या यादीत दहावीच्या खाली काही नाहीच! भरून दाखव, घेतो तुला.”

सोपान लाजतच सरांच्या संगणकावर बसला. खोटं ‘दहावी’ निवडायला त्याचं मन धजेना. दुकानात फॉर्म भरता भरता शिकला होता तसा त्याने ब्राउझरमध्ये त्या पानाचा कोड उघडला, यादीत ‘आठवी’ ही ओळ स्वतः लिहिली, तीच निवडली आणि बटण दाबलं. पडद्यावर आलं: ‘शिक्षण आठवी. प्रवेश मंजूर.’

“ही लबाडी झाली!” सर कडाडले.

“सर, तुमचा फॉर्म सगळी तपासणी भरणाऱ्याच्याच ब्राउझरवर सोडतो,” सोपान हळूच म्हणाला. “परीक्षा देणाऱ्यालाच पेपर तपासायला दिलात. मी निदान खरे मार्क तरी टाकले.”

सरांनी पडद्यावरची ‘प्रवेश मंजूर’ ही ओळ पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाले, “उद्या सकाळी आठला वर्गाला ये.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सोपान सहालाच वर्गाच्या बंद दारापाशी जाऊन उभा राहिला.