कासारीण आजींचा उजवा हात

फार फार जुन्या काळची गोष्ट. इतकी जुनी, की राजाचं नाव विचारू नका, ते मलाही कुणी सांगितलेलं नाही. एका नगरात नदीच्या काठी एक सेवाघर होतं. ज्यांचे हातपाय आजाराने धरले, ज्यांच्याकडे घरी बघायला कुणाला सवड नाही, अशी माणसं तिथे येत, बरी झाली की आपापल्या घरी जात. सेवाघर बांधलं होतं राणीने आणि चालवत होत्या थोरल्या बाई.

तिथे गोजरा नावाची एक तरुण मुलगी कामाला आली. तिने आपल्या आईचं दुखणं शेवटपर्यंत काढलं होतं. "हिच्या हाताला गुण आहे हो," असं सगळी आळी म्हणायची. आणि गोजरा सेवाघरात निघाली तेव्हा तीच आळी नाक मुरडून म्हणाली, "लोकांचं हगणं-मुतणं काढायचं, हा काय उद्योग झाला?" बघा, आहे की नाही गंमत! गोजराने तिकडे कानाडोळा केला. तिला हेच काम करायचं होतं आणि जन्मभर करायचं होतं.

पण सेवाघराचा एक नेम होता. नव्या बाईने आधी उमेदवारी करायची. मग राणी पाहणीला येई आणि जिचं काम मनास येईल तिच्या कमरेला स्वतःच्या हाताने निळा शेला बांधी. शेला बांधला की ती बाई सेवाघराची झाली. नाही बांधला, तर तिने आपलं गाठोडं उचलायचं.

गोजराकडे सोपवल्या कासारीण आजी. या आजींनी उभं आयुष्य बांगड्या भरल्या होत्या. नगरातल्या कुठल्याही बाईचं मनगट त्या न बघता ओळखत. पण अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. आता बांगडी भरायला दोन हात लागतात. डाव्याने बांगडी सरकवायची, पण समोरचीचा पंजा मुडपून धरायचा तो उजव्याने. एका हाताची कासारीण करणार काय?

त्यात आजींच्या नातीचं लग्न ठरलं होतं, सुगी सरल्यावर. नात हटून बसली होती. "चुडा भरेन तर आजीच्याच हातून. नाहीतर मोकळ्या हातांनी बोहल्यावर उभी राहीन." आजींनी तिला शब्द देऊन टाकला होता. दिवसरात्र त्यांच्या मनात तेवढंच.

वैद्यबुवा म्हणाले, "हात येईल. तेल चोळत राहा, आणि आजींना काही कमी पडू देऊ नका."

गोजराने हे शेवटचं वाक्य पदराला गाठ मारून ठेवलं. अगं बाई, काय ती सेवा! उजाडायच्या आत आजींची अंघोळ, वेणी, स्वच्छ लुगडं. घास भरवायची गोजरा, पाणी पाजायची गोजरा, कूस वळवायची तीही गोजराच. आजींनी बोट हलवलं की ही पुढे धावलीच. इकडची काडी तिकडे करू दिली नाही. सगळं सेवाघर तिचे गोडवे गाऊ लागलं आणि गोजरा मनोमन सुखावली. का सुखावू नये? मनापासून करत होती बिचारी.

पिकं पिवळी पडू लागली तेव्हा वैद्यबुवांनी पुन्हा हात पाहिला. त्यांचा चेहरा उतरला. "हा तर आला होता त्याहून आखडलाय! बोटं वळेनात. डावा हातसुद्धा मंदावला."

गोजरा रडकुंडीला आली. "असं कसं होईल? मी तर यांना काही म्हणजे काही करू दिलं नाही!"

"तेच झालं," वैद्यबुवा हळूच म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे गेले.

गोजरा आजींच्या पायाशी मटकन बसली. "आजी, तुम्हाला कळत होतं?"

आजी म्हणाल्या, "कळत होतं गं. घास स्वतः घ्यावासा वाटायचा. पण तू इतक्या मायेने भरवायचीस, तुला नको कसं म्हणू? तुझा हिरमोड झाला असता."

ऐकलंत? एकीने मायेपोटी सगळं केलं, दुसरीने मायेपोटी सगळं सोसलं, आणि दोघींच्या मायेत हात मात्र वाळून चालला. गोजराने डोळे पुसले. "आजी, आता मला नको म्हणा. रागवा, ओरडा, पण नको म्हणा. आणि मी काय करू ते सांगा."

"बांगडी भरताना घाई करून हात ओढला, तर बांगडी वाढवते आणि फुटकी काच मनगटात रुतते," आजी म्हणाल्या. "समोरचा हात सैल होईपर्यंत थांबावं लागतं. तेवढं जमेल तुला?"

जमेल म्हणायला काय जातं? पण चपळ माणसाला थांबायला सांगणं म्हणजे शिक्षाच की! आता आजी उजव्या हाताने स्वतः जेवू लागल्या. त्यांच्या बोटांतून चमचा निसटला, की गोजराचा हात आपोआप पुढे जायचा. शेवटी ती आपले दोन्ही हात मांडीखाली दाबून बसू लागली. खरंच, हातांवर बसायची! आजी पडतील असं दिसलं तरच हात काढायचा, कोपराखाली आधार द्यायचा आणि पुन्हा मांडीखाली. वरण लुगड्यावर सांडे. सगळ्यांची जेवणं होऊन भांडी घासून पालथी पडली, तरी आजींचा अर्धा भात ताटात असे. आजी चिडत, रडत, चमचा भिरकावून देत. कधी गोजराही रडे. आणि कधी घास नीट तोंडात गेला, की दोघी लहान मुलींसारख्या हसत.

गोडवे गाणाऱ्या तोंडांनी आता सूर बदलला. "आळशी झाली हो गोजरा. म्हातारीला वाऱ्यावर सोडलीय." गोजराला हे फार लागायचं. का लागू नये? नाव कमावायला किती दिवस लागले होते तिला.

आणि नेमकी त्याच सुमारास राणी पाहणीला आली, निळे शेले घेऊन. जेवायची वेळ होती. बाकीचे सगळे कसे चकचकीत, वेण्या घालून बसलेले. आजींच्या हनुवटीवर आमटीचा ओघळ, लुगड्यावर भाताची शितं, चमचा थरथरत अर्ध्या वाटेवर. आणि समोर गोजरा, हातांवर बसलेली.

गोजराने राणीच्या हातातल्या शेल्यांकडे पाहिलं. नुसता पदराने ओघळ पुसला, चार घास भरवले, की शेला आपला! तिने एक हात मांडीखालून काढलाही. तेवढ्यात आजींची नजर चमच्यावर अशी खिळलेली दिसली, की तिने तो हात मुकाट्याने परत ठेवला.

"तुला हात नाहीत का गं?" राणीने विचारलं.

"आहेत, राणीसाहेब. पण आत्ता पाळी आजींच्या हाताची आहे."

राणीला ते उत्तर उद्धट वाटलं. ती शेला न बांधताच पुढे गेली आणि जाताना थोरल्या बाईंना म्हणाली, "हिला निरोप द्या."

थोरल्या बाईंनी एवढंच केलं, की निरोप लग्नापुरता लांबवला. "आजींना त्यांच्या घरी पोचव, चुड्याचं होऊ दे, मग जा," त्या म्हणाल्या.

लग्नाच्या आदल्या दिवशी मांडवात नात पाटावर बसली. समोर आजी, बाजूला हिरव्या बांगड्यांची चळत. भोवती सगळा बायकांचा मेळा. आजींनी उजवा हात पुढे केला. तो थरथरला, पण नातीच्या पंजावर बसला. बोटं हळूहळू मिटली. डाव्या हाताने पहिली बांगडी सरकवली, ती अंगठ्याच्या उंचवट्यावर अडली.

"अहो, द्या मी भरते," एक काकी पुढे सरसावली. "असं चाललं तर लग्न उद्याचं परवावर जायचं!"

"थांबा, काकी," गोजरा म्हणाली. "होतंय त्यांचं."

मांडव थांबला. आजींनी डोळे मिटले, नातीचा हात सैल होऊ दिला, आणि बांगडी मनगटावर उतरली. मग दुसरी. मग तिसरी. दुपार कलली तेव्हा नातीचे दोन्ही हात कोपरापर्यंत हिरवे झाले होते आणि एकही बांगडी वाढवली नव्हती.

चुडा भरला की कासारणीला नमस्कार करायची रीत. नात वाकली. आजींनी तिला आशीर्वाद दिला आणि मग काय केलं असेल? गोजराला हाताला धरून समोर बसवली आणि भरल्या मांडवात हात जोडून तिच्यापुढे वाकल्या.

"आजी, हे काय! मला पाप लावता का?" गोजरा घाबरली.

"हात माझा होता, मेहनत माझी होती," आजी म्हणाल्या, "पण माझ्यासाठी एवढं वाईटपण कुणी घेतलं नव्हतं, पोरी. तुझे उपकार मी विसरणार नाही."

 गोजरा नुसती रडत राहिली, आणि शेला मिळाला नाही याचं तिला त्या घडीला काही वाटेनासं झालं.

त्या मेळ्यात राजवाड्यातल्या बायकाही होत्या. गोष्ट राणीच्या कानावर गेली. राणी मनाची मोठी होती. ती सेवाघरात आली, गाठोडं बांधत बसलेल्या गोजराला तिने उभं केलं आणि म्हणाली, "मी ताट बघितलं, हात बघायचा राहिला. चुकलं माझं." मग निळा शेला तिने आपल्या हाताने बांधला.

गोजरा जन्मभर त्या सेवाघरात राहिली, पुढे तिथली थोरली बाई झाली. तिच्या हाताखाली शिकलेल्या बायकांच्या खाटेवरची माणसं उशिरा जेवत, कपडे खराब करत, आणि आपल्या पायांनी चालत घरी जात.

मुलांनो आणि मोठ्यांनो, एवढंच ध्यानात ठेवा: खरी सेवा माणसाचं काम त्याच्या हातून काढून घेत नाही, ते त्याच्या हाताला पुन्हा जमेपर्यंत त्याच्याजवळ थांबते.